केर काढणारा आणि लादी पुसणारा रोबो: महागडं मॉडेल निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महागडा रोबो म्हणजे नेमकं काय? वीस हजारांच्या रोबोत आणि त्यात फरक कशाचा?

फरक मुख्यतः डॉकचा, म्हणजे रोबो काम झाल्यावर चार्जिंगसाठी परत येऊन बसतो त्या तळाचा आहे. स्वस्त रोबो स्वतःच्या डब्यात केर साठवतो आणि मागे एक ओलं फडकं ओढत नेतो. डबा रिकामा करणं, फडकं धुणं, पाणी भरणं हे सगळं तुमच्याकडेच राहतं. साधारण पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे जाणाऱ्या मॉडेलांत ही कामं डॉक करतो. रोबोच्या डब्यातला केर तो मोठ्या पिशवीत खेचून घेतो. फडकं धुऊन गरम हवेनं सुकवतो, रोबोत पाणी भरतो आणि घाण पाणी वेगळ्या टाकीत साठवतो.

आपल्याकडे लादी रोज पुसली जाते, त्यामुळे तुलना इथूनच सुरू करावी. जाहिराती मात्र खेचण्याच्या ताकदीपासून, म्हणजे पास्कलच्या आकड्यापासून सुरू होतात. ती पद्धत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे असलेल्या घरांसाठी ठीक आहे.

पास्कलचा आकडा जितका मोठा तितकी सफाई चांगली का?

नाही. पास्कल हे दाबातल्या फरकाचं माप आहे. २०,००० पास्कल म्हणजे साधारण दोन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब. त्यावरून हवा किती वाहते ते कळत नाही आणि केर वाहून नेते ती वाहणारी हवा. शिवाय जाहिरातीतला आकडा सर्वांत जोरकस मोडचा असतो. तो मोड रोज वापरला तर आवाज वाढतो आणि बॅटरी अर्ध्यावरच संपते.

२०२३ मधल्या रोबोरॉक एस८ प्रो अल्ट्राचा आकडा ६,००० होता, २०२४ मधल्या एस८ मॅक्सव्ही अल्ट्राचा १०,०००, त्याच वर्षीच्या ड्रीमी एक्स४० अल्ट्राचा १२,००० आणि पुढच्या ड्रीमी एक्स५० अल्ट्राचा २०,०००. व्हिट्रिफाइड टाइल, कोटा किंवा संगमरवरावरची धूळ, केस आणि सांडलेले तांदूळ यातलं सर्वांत जुनं यंत्रही व्यवस्थित उचलतं. जास्त ताकद उपयोगी पडते ती जाड गालिच्यात, टाइलच्या रुंद सांध्यांत आणि शहाबादी फरशीच्या खळग्यांत.

ताकदीपेक्षा ब्रश पाहा. ब्रिसलचा, म्हणजे ताठ तंतूंचा ब्रश लांब केस गुंडाळून घेतो. रबरी रोलर किंवा एका टोकाला निमुळता होणारा रोलर केस डब्याकडे सरकवतो. बाजूचा छोटा ब्रश कोपऱ्यात बाहेर सरकणारा असेल तर भिंतीलगतची धूळ कमी उरते. तो ब्रश फार वेगानं फिरला तर साबुदाणा, मोहरी असे हलके दाणे उडवून खोलीभर करतो. अ‍ॅपमध्ये त्याचा वेग कमी करता येतो का, हे घेण्याआधी विचारा.

पुसण्याच्या पद्धती किती आणि आपल्या लादीला कोणती बरी?

सध्या तीन पद्धती प्रामुख्यानं दिसतात.

पहिली थरथरणाऱ्या सपाट फडक्याची. रोबोरॉकनं ती रुजवली. एस८ प्रो अल्ट्राचं फडकं मिनिटाला ३,००० वेळा हलतं, एस८ मॅक्सव्ही अल्ट्राचं ४,००० वेळा. रोजची धूळ आणि पावलांचे ठसे छान जातात, लादीवर पाणीही कमी राहतं. पण वाळलेला चहा किंवा वरणाचा थेंब एका फेरीत निघत नाही. आणि फडकं एकदा मळलं की पुन्हा धुतलं जाईपर्यंत तोच मळ पुढे पसरतो.

दुसरी फिरत्या दोन चकत्यांची. ड्रीमी, नारवाल आणि इकोव्हॅक्सची बरीच मॉडेलं अशी आहेत. चकत्या घासत फिरतात, म्हणून चिकट डाग लवकर सुटतात. एक्स४० अल्ट्रासारख्या मॉडेलांत एक चकती बाहेर सरकून भिंतीच्या कडेपर्यंत पोचते. दोष एवढाच की मध्ये अरुंद फट राहू शकते, आणि तेलकट जागी डिटर्जंट नसेल तर चकत्या तेल गोल गोल पसरवतात.

तिसरी रोलरची. इकोव्हॅक्सच्या एक्स८ प्रो ऑम्नीत आणि युफीच्या एस१ मध्ये ती आहे. रोलर फिरता फिरता यंत्रातच त्यावर स्वच्छ पाणी पडतं आणि घाण पाणी खरवडून वेगळं काढलं जातं. म्हणजे लादीला टेकणारा भाग सतत धुतलेला असतो. स्वयंपाकघराच्या ओट्याखालची लादी, जिथे फोडणीचं तेल, पीठ आणि पाणी एकत्र होतं, तिथे ही पद्धत आम्हाला सर्वांत पटते. त्या बदल्यात रोबोतली छोटी घाण टाकी, खरवडणारी पट्टी आणि रोलरची दोन्ही टोकं वारंवार साफ करावी लागतात. तिथे केस आणि पिठाचा लगदा साठतो.

तीनपैकी कुठलीही पद्धत हातानं जोर लावून पुसण्याइतका दाब देत नाही. जुना हळदीचा डाग किंवा मेणाचा थेंब हातानंच काढावा लागेल.

रोबो आमच्या घरातला उंबरठा ओलांडेल का?

खरेदीआधी पट्टी घेऊन मोजायची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच. बहुतेक मॉडेलं २ सेंटिमीटरपर्यंत चढतात, तेही कड थोडी गोल किंवा उतरती असेल तर. काटकोनी, गुळगुळीत ग्रॅनाइटच्या पट्टीवर ओली चाकं घसरतात, म्हणून हिशेबात दीड सेंटिमीटरच धरा. गॅलरीच्या सरकत्या दाराचा ट्रॅक मोजताना दोन पट्ट्यांमधली खाचही पाहा. पुढचं छोटं चाक तिथे अडकतं.

पाय उचलून चढणारी मॉडेलं आता आली आहेत. ड्रीमी एक्स५० अल्ट्रा दोन टप्प्यांचा, एकूण ६ सेंटिमीटरपर्यंतचा अडथळा ओलांडते. एकाच उभ्या पायरीसाठी हा आकडा लागू होत नाही, तिथे मर्यादा सव्वाचार सेंटिमीटरच्या आसपास आहे.

उंबरठा एकच असेल तर त्यासाठी चाळीस हजार जास्त देऊ नका. सुताराकडून लाकडी उतार करून घ्या: उंची ३ सेंटिमीटर असेल तर उताराची लांबी किमान १५ सेंटिमीटर, रुंदी रोबोपेक्षा जास्त म्हणजे ४० ते ४५ सेंटिमीटर आणि खाली रबरी पट्टी. दोन्ही बाजूंना उतार हवा. एकाच बाजूला केला तर रोबो आत जातो आणि परत येत नाही.

काळ्या ग्रॅनाइटच्या पट्टीजवळ रोबो थबकतो. बिघाड आहे का?

बिघाड नाही. पायऱ्यांवरून पडू नये म्हणून रोबोच्या पोटाशी इन्फ्रारेड सेन्सर असतात. ते खाली किरण सोडतात आणि परावर्तन आलं नाही तर पुढे खड्डा आहे असं मानतात. काळा दगड बराचसा किरण शोषून घेतो, म्हणून काळी बॉर्डर रोबोला खोल दरी वाटते.

आधी सेन्सर कोरड्या मऊ कापडानं पुसा, कारण धुळीनं हा त्रास वाढतो. तरीही फरक नसेल तर त्या पट्टीवर फिकट रंगाची पातळ चटई किंवा टेप लावून पाहा. सेन्सरवर कागद चिकटवण्याचा सल्ला काही जण देतात. घरात किंवा दाराबाहेर जिना असेल तर तो अजिबात मानू नका. चार-पाच किलोचं यंत्र जिन्यावरून कोसळलं तर खालच्या माणसाला इजा होईल. संपूर्ण लादीच काळी असेल तर रोबो घेण्याआधी घरी प्रात्यक्षिक मागा.

दिवाण आणि सोफ्याखाली जाईल का?

माथ्यावर खोलीचा नकाशा करणाऱ्या लेझरचा मनोरा असलेल्या यंत्राची उंची सुमारे १० सेंटिमीटर असते. एस८ मॅक्सव्ही अल्ट्रा १०.३ आहे. वर आणखी एक सेंटिमीटर मोकळा हवा. एक्स५० अल्ट्राचा मनोरा आत जातो आणि उंची ८.९ वर येते. रोबोरॉक सारोस १०आर मध्ये मनोराच नाही, उंची ७.९८. मोजताना दिवाणाची पुढची पट्टी मोजा, आतली पोकळी नव्हे.

आरशाचं कपाट आणि काचेचं दार यांनी नकाशा बिघडतो का?

बिघडतो. लेझरला आरशात दुसरी खोली दिसते आणि नकाशात भिंतीपलीकडे एक जास्तीची खोली उमटते. अ‍ॅपमध्ये आरशाच्या रेषेवर आभासी भिंत ओढा. ते पुरलं नाही तर लेझरच्या उंचीवर, साधारण जमिनीपासून ९-१० सेंटिमीटरवर, आरशावर अपारदर्शक टेपची पट्टी लावा.

पहिला नकाशा करताना सगळी दारं उघडी, दिवे लागलेले आणि खुर्च्या नेहमीच्या जागी हव्यात. त्या फेरीत पुसणं बंद ठेवा. नकाशा झाला की न्हाणीघराचं दार, समई असलेलं देवघर, रांगोळीची जागा आणि मोबाइलच्या वायरींचा कोपरा प्रतिबंधित क्षेत्रात टाका. कॅमेऱ्याचा रोबो चपला, मोजे आणि जाड वायर ओळखतो. पातळ चार्जिंग वायर, तोरणाचा दोरा आणि रांगोळी यांवर त्याचा भरवसा धरू नका.

पाणी कोणतं भरायचं? बोअरचं चालेल का?

पालिकेचं साधं पाणी उत्तम. बोअर किंवा टँकरचं जड पाणी तात्पुरतं चालतं. पण डॉक फडकं गरम पाण्यानं धूत असेल तर हीटरवर क्षारांचा थर चढतो. एस८ मॅक्सव्ही अल्ट्रा ६० अंशांचं पाणी वापरते, एक्स४० अल्ट्रा ७० अंशांचं. पाणी जितकं गरम तितका थर लवकर धरतो. जड पाण्याच्या सोसायटीत राहत असाल तर अ‍ॅपमधून साध्या पाण्यानं धुण्याचा पर्याय निवडा आणि गरम पाणी आठवड्यातून एकदाच ठेवा.

आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बऱ्याच घरांत लादीसाठी साठवतात. हातानं पुसायला ते ठीक, पण रोबोच्या टाकीत ते घालू नका. मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. लादीवर पांढरे ठिपके पडतात आणि पंप जाम होतो.

फिनेल घातलं तर काय होतं?

पांढरं आणि काळं फिनेल तेलाचं असतं. ते बारीक नळ्यांत आणि पंपात चिकट थर धरतं, रबरी वॉशर फुगवतं. ब्लीच, अ‍ॅसिड आणि संडास धुण्याची द्रावणं धातू आणि सेन्सर खातात. जास्त फेस करणारा साबण घाण पाण्याच्या टाकीत फुगतो, टाकी भरल्याची खोटी सूचना येते आणि काम मध्येच थांबतं. अशा वेळी वॉरंटीही नाकारली जाते.

कंपनीनं सुचवलेलं डिटर्जंट, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. सुवासासाठी काही घालायचं असेल तर रोबोचं काम झाल्यावर वेगळ्या फडक्यानं. संगमरवर असेल तर लिंबूसत्व किंवा व्हिनेगर असलेलं काहीच नको, त्यानं पॉलिश जातं.

पुसल्यावर चिखलाचे पट्टे उमटतात. दोष कुणाचा?

बहुतेक वेळा सेटिंगचा. आपल्याकडे खिडक्या उघड्या असतात आणि धूळ जास्त येते. केर काढणं आणि पुसणं एकाच फेरीत ठेवलं तर उरलेली धूळ ओली होऊन पसरते. अ‍ॅपमध्ये ‘आधी पूर्ण केर, मग पुसणं’ असा पर्याय असतो, तो निवडा. वेळ जवळपास दुप्पट लागतो, पण लादी खरोखर स्वच्छ होते. हा पर्याय नसलेलं महागडं मॉडेल घेऊच नये असं आमचं मत आहे.

त्यानंतर फडकं धुण्याचं अंतर कमी करा: दर १० चौरस मीटरला एकदा, धूळ फार असेल तर खोलीगणिक. मग पाण्याची पातळी एक पायरी उतरवा. एवढं करूनही दोन समांतर काळ्या रेषा येत असतील तर चाकं मळलेली आहेत. रोबो बंद करून चाकं ओल्या कापडानं पुसा आणि पुढच्या छोट्या चाकाच्या आसाभोवतीचे केस काढा.

रोज ७५० चौरस फूट पुसलं आणि फडकं असं वारंवार धुतलं, तर ४ लिटरची स्वच्छ टाकी साधारण दोन दिवसांत संपते.

डॉकला घाण वास येतो.

कोकण, मुंबई आणि गोव्याच्या दमट हवेत ही सर्वांत सामान्य तक्रार आहे. घाण पाण्याची टाकी भरल्याची सूचना येईपर्यंत थांबू नका, ती रोज किंवा एक दिवसाआड ओता. ओतल्यावर ब्रशनं आतून घासा आणि झाकण उघडं ठेवून वाळवा. फडकं धुण्याचा ट्रे आठवड्यातून एकदा काढून त्याखालची जाळी साफ करा. तिथे केस आणि भाताची शितं कुजतात. पावसाळ्यात फडकं सुकवण्याची वेळ सर्वांत जास्त ठेवा, आणि डॉक बंद कपाटात असेल तर बाहेर काढा. गरम दमट हवेला वाट हवी.

वास पिशवीतून येत असेल तर ओला केर आत गेला आहे. नुकत्याच पुसलेल्या लादीवर पुन्हा केर काढला की ओलसर केसांचे गोळे होतात. तेच गोळे पुढे रोबो आणि डॉकमधल्या मार्गात अडकतात, आणि डॉक आवाज करूनही डबा भरलेलाच राहतो. रोबोच्या डब्याचं मागचं तोंड आणि डॉकची नळी टॉर्च लावून तपासा.

पिशवी खरंच दोन महिने टिकते का?

कंपनीचा हिशेब कमी धुळीच्या घराचा असतो. रस्त्यालगतच्या किंवा बांधकामाशेजारच्या घरात तीन ते पाच आठवडे धरा. लाल मातीच्या गावात त्याहून कमी. वर्षाचा खर्च काढताना पिशव्या, दोन-तीन फिल्टर, फडक्यांचे तीन-चार जोड, एक मुख्य ब्रश आणि डिटर्जंट यांची बेरीज करूनच मॉडेलांची तुलना करा. मशीन स्वस्त आणि पिशव्या दुर्मीळ, असा अनुभव फार घरांत येतो.

दिवाळीआधीच्या रंगकामात किंवा प्लास्टर घासल्यावर रोबो सोडू नका. सिमेंट आणि पुट्टीची भुकटी फिल्टर एका फेरीत बंद करते आणि मोटरपर्यंत पोचते. आधी हातानं झाडून आणि पुसून घ्या.

वीज गेली तर? इन्व्हर्टरवर चालेल का?

काम चालू असताना वीज गेली तर रोबो स्वतःच्या बॅटरीवर काम करत राहतो, पण बंद डॉकचा संकेत न मिळाल्यानं नीट परत बसू शकत नाही. वीज आल्यावर अ‍ॅपमधून त्याला डॉकवर पाठवा.

चार्जिंगला वीज फारच थोडी लागते. १४.४ व्होल्ट आणि ५,२०० मिलिअँपियर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे ७५ वॉट-तास, एका युनिटच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. भार येतो तो डॉक केर खेचताना आणि पाणी तापवताना. मॅन्युअलमधला वॉटचा आकडा पाहा आणि त्याप्रमाणे इन्व्हर्टर ठरवा. डॉक थेट भिंतीच्या प्लगला लावा, फ्रीज किंवा वॉशिंग मशीन असलेल्या एक्स्टेंशनवर नको.

डॉकला जागा किती?

एस८ मॅक्सव्ही अल्ट्राचा डॉक सुमारे ४१ सेंटिमीटर रुंद, ४२ खोल आणि ४७ उंच आहे. टाक्या वर उचलायला आणखी ३०-४० सेंटिमीटर आणि समोर दीड मीटर मोकळं हवं. वन-बीएचकेत हीच मोठी अडचण ठरते. वॉशिंग मशीनशेजारी नळ आणि निचरा असेल तर थेट जोडणीचा किट असलेलं मॉडेल पाहा, टाक्या उचलणंच संपतं. वाय-फाय तिथे पोचतो का तेही तपासा. बहुतेक रोबोंना २.४ गिगाहर्ट्‌झ लागतं.

कॅमेरा असलेला रोबो सुरक्षित आहे का?

काळजी रास्त आहे. आयरोबोट या रोबो बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणीतल्या यंत्रांनी टिपलेली घरातली खासगी छायाचित्रं, त्यांना लेबल लावणाऱ्या कंत्राटी कामगारांमार्फत समाजमाध्यमांवर पोचली होती. ही बातमी डिसेंबर २०२२ मध्ये आली. मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या काही शहरांत इकोव्हॅक्स एक्स२ ऑम्नी यंत्रांचा ताबा परक्यांनी घेऊन त्यांतून शिवीगाळ केली.

अ‍ॅपचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला ठेवा, दूरवरून पाहण्याची सोय बंद करा, यंत्राचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि बेडरूमची फेरी खोली रिकामी असताना लावा. तेवढ्यानंही मन मानत नसेल तर कॅमेऱ्याविना फक्त लेझर आणि संरचित प्रकाशावर (समोर प्रकाशाच्या रेषा टाकून अडथळा ओळखणं) चालणारं मॉडेल घ्या. वस्तू ओळखण्यात ते थोडं मागे राहील.

अमेरिकेतल्या मुलानं तिकडचा रोबो आणला तर?

घेऊ नका असंच सांगू. तिथला डॉक १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला थेट लावला तर जळेल. हीटर असलेल्या डॉकसाठी मोठ्या क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, अ‍ॅपचा देश वेगळा असल्यानं जोडणी अडू शकते आणि इथे वॉरंटी मिळत नाही. दुबईहून आणलेल्याचं व्होल्टेज जुळतं, वॉरंटीचा प्रश्न तसाच राहतो. विमानात नेताना बॅटरी १०० वॉट-तासांच्या आत आहे ना ते पाहा.

कंपनी बंद पडली तर यंत्राचं काय?

हा प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. रोबो बनवणारी निआटो २०२३ मध्ये बंद झाली. २००२ मध्ये पहिला रूम्बा रोबो बाजारात आणणाऱ्या आयरोबोटनं डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: इंटरनेट नसताना यंत्रावरचं बटण दाबून पूर्ण घराची फेरी होते का, आणि पिशवी, फिल्टर, फडकं भारतात अधिकृत बिलावर मिळतं का. तुमच्या पिनकोडवर घरी येऊन दुरुस्ती आहे की यंत्र कुरियरनं पाठवायचं, तेही लेखी घ्या. डॉकसकट खोका वीस किलोच्या आसपास जाऊ शकतो.

शेवटी कोणी काय घ्यावं?

टाइलची लादी, गालिचा नाही, स्वयंपाकघर उघडं: रोलरचं मॉडेल. सोफे आणि दिवाण बुटके: मनोरा आत जाणारं किंवा नसलेलं. जाड गालिचे: फडकं डॉकवर काढून ठेवणारं, कारण नुसतं एक सेंटिमीटर उचललेलं ओलं फडकं लोकरीला लागतंच. घरात लांब केसांची माणसं किंवा कुत्रा: ब्रशच्या रचनेला पहिला मान. खोल्या कमी आणि उंबरठे जास्त, जमिनीवर बसून जेवणं, अंथरुणं जमिनीवर: मधल्या किमतीचा रोबो पुरे, डॉक फक्त केर खेचणारा असला तरी चालेल. कामाला येणाऱ्या मावशी रोज नीट पुसत असतील तर पुसण्याच्या सोयीवर पैसे घालू नका.

महिनाभर गावी जाताना काय करायचं?

दोन्ही टाक्या ओतून वाळवा, फडकं काढून उन्हात सुकवा, पिशवी बदला. बॅटरी पूर्ण चार्ज करून रोबो बंद करा आणि डॉकचा प्लग काढा. परतल्यावर पहिली फेरी पाण्याशिवाय, फक्त केराची लावा. महिन्याची धूळ निघून गेल्यावरच टाकीत पाणी भरा.